एक फरशी मागे

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी तिपाई आहे, आणि आधीच सांगून टाकते, मला नसत्या चौकशा फार. कोण आलं, कोण रडलं, कुणाच्या बुटाची नाडी सुटली, सगळं मला कळायलाच हवं. माझी उंची मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढी. त्यामुळे जग मला खालून दिसतं आणि खालून ते फार वेगळं असतं. वर खदाखदा हसणाऱ्या मुलाचे पाय बाकाखाली थरथरत असतात, हे तुमच्या बाईंना कुठून दिसणार?

सुतारानं मला एका मोडक्या दाराच्या लाकडातून घडवलं. चौथ्या पायाला लाकूड पुरेना, म्हणून मी तीन पायांवरच निभावलं. हसू नका. चार पायांच्या खुर्च्या वरखाली फरशीवर डुगडुगतात, मी कधीच डुगडुगत नाही. या छोट्या शाळेत आधी शिपाईमामा माझ्यावर चढून भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायचे. पुढे चावी न लागणारं घड्याळ आलं आणि माझी रवानगी अडगळीत झाली. फाटक्या नकाशांशी बोलून बोलून किती बोलणार? धूळ खात पडणं म्हणजे काय, ते मला विचारा.

मग पहिलीच्या वर्गाला मदतनीस म्हणून ताई आली. तिला ना टेबल, ना खुर्ची. तिनं अडगळीचं दार उघडलं, मला बाहेर काढून पुसलं आणि म्हणाली, "चल बाई, तुला काम नाही आणि मला जागा नाही." झालं, आमची जोडी जमली.

मदतनीस नक्की करते तरी काय, याचं मला भारी कुतूहल होतं. बाई फळ्यापाशी उभ्या राहून सगळ्या वर्गाला एकदम शिकवायच्या, ते तर उघडच होतं. ताई मात्र मला उचलून एकेकाच्या बाकाशी न्यायची. कुणाच्या पेन्सिलीला टोक नाही, कुणाचा 'ळ' उलटा पडलाय, कुणाच्या नाकाचा घोळणा फुटलाय, कुणाचा उजवा बूट डाव्या पायात. कुणी वाचताना अडलं की ती पहिलं अक्षर सांगायची आणि गप्प बसायची. हे गप्प बसणं फार अवघड असतं बरं का. माझ्यावर बसून ती कशी चुळबुळायची, ते मला ठाऊक आहे.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी आली. पहिले काही दिवस वर्गात नुसता मासळीबाजार होता, म्हणून बाई सारख्या म्हणायच्या, "हाताची घडी, तोंडावर बोट!" सगळ्यांची बोटं टेकायची आणि लगेच घसरायची. हिचं बोट मात्र जागचं हलायचं नाही. बाई खूश. "बघा, किती शहाणी मुलगी. शिका जरा हिच्याकडून." असं रोज चाललं. मुलांनी तिचं नाव ठेवलं गुपचिळी.

बोट खाली आल्यावरही ती बोलत नाही, हे आमच्या उशिरा लक्षात आलं. बाईंशी नाही, शेजारच्याशी नाही, खेळतानाही नाही. तिच्या आईला सांगितलं तर तिला खरंच वाटेना. घरी म्हणे हिची टकळी बंद करता करता सगळ्यांच्या नाकी नऊ येतात. शाळेत ती फक्त ताईच्या कानात कुजबुजायची. मग ताई मोठ्यानं सांगायची, "बाई, सात म्हणतेय ती," आणि बाई म्हणायच्या, "शाबास." सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

एकदा ताई तापानं घरी राहिली. मी गुपचिळीच्या बाकापाशी रिकामीच उभी होते. तिचे पाय एकमेकांना घट्ट आवळलेले मला दिसत होते. तिला बाहेर जायचं होतं. सांगणार कोणाला? माझ्या रिकाम्या बैठकीकडे ती सारखी बघत होती. शेवटी तिचा मोजा ओला झाला आणि शेजारचा मुलगा फिस्सकन हसला. मला तोंड असतं ना, तर मी ओरडून सांगितलं असतं. फार वाईट वाटलं मला.

ताई परत आली तेव्हा बाईंनी तिला हे सांगितलं. बाई काळजीत होत्या. दुसरीच्या वर्गाला मदतनीस नसते. तिथं हिचं म्हणणं कोण ऐकणार आणि कोण सांगणार? ताई म्हणाली, "मीच तिचं तोंड होऊन बसले, बाई. मग ती स्वतःचं कशाला उघडेल?"

मधल्या सुट्टीत ताईनं गुपचिळीला जवळ घेतलं आणि वर्गात बोलावंसं का वाटत नाही, ते हळूच विचारलं. गुपचिळी ताईच्या कानाशी वाकली. पण मी तिच्या हनुवटीखालीच होते, मलाही ऐकू आलं.

"बोलले तर मी शहाणी राहणार नाही ना."

ताईनं हे जसंच्या तसं बाईंना सांगितलं. बाईंचा चेहरा पडला. त्या दिवसापासून गप्प बसलेल्या कुणालाही त्या शहाणं म्हणाल्या नाहीत. पण एवढ्यानं काय होतंय? गप्प राहायची सवय आता गुपचिळीच्या हाडीमाशी खिळली होती.

मग एका सकाळी ताईनं मला गुपचिळीच्या बाकापासून एक फरशी मागे ठेवलं. माझं काय चुकलं? परत अडगळ की काय? पुढच्या आठवड्यात आणखी एक फरशी. गुपचिळीचं कुजबुजणं आता ताईच्या कानापर्यंत पोचेना. ताईनं "जोरात बोल" असं एकदाही म्हटलं नाही. ती नुसती कानामागे हात धरायची आणि वाट बघायची. मग कुजबुज जराशी जाड व्हायची. कधी कधी दिवसभर काहीच यायचं नाही, गुपचिळीचे डोळे भरून यायचे, आणि दुसऱ्या दिवशी ताई मुकाट्यानं मला फरशीभर पुढे आणायची. हळूहळू माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. ताई दूर पळत नव्हती. ती त्या आवाजाला जागा करून देत होती.

वर्ष संपत आलं तेव्हा आम्ही दोघी दारापाशी पोचलो होतो. गुपचिळीचा आवाज आमच्यापर्यंत यायचा, पण फक्त आमच्यासाठी. बाईंनी किंवा कुणी मुलानं बघितलं की तोंडाला परत कुलूप. आणि दुसरीचा वर्ग दाराशी येऊन ठेपला होता.

त्या दिवशी सगळे चित्र काढत होते. शेजारच्या मुलानं गुपचिळीचं खोडरबर उचललं आणि स्वतःच्या खिशात टाकलं. तिनं ताईकडे बघितलं. ताईनं ते पाहिलं होतं. तिचं वजन माझ्यावरून उचललं गेलं, ती उठणारच होती. उठ, उठ, असं मीही म्हणत होते. पण ती परत खाली बसली आणि तिनं माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

गुपचिळी उभी राहिली. ती ताईकडे बघत नव्हती. फळ्याकडे तोंड करून ती म्हणाली, "बाई, ह्यानं माझं खोडरबर घेतलंय आणि देत नाहीये."

सगळ्यांच्या माना वळल्या. कोण बोललं हे? वर्गात आवाज झाला की बाईंचा हात सवयीनं ओठाकडे जायचा, तसा आत्ताही निघाला होता. तो अर्ध्या वाटेवर थांबला. त्यांनी बोट मुठीत मिटून घेतलं. "काय म्हणालीस? परत सांग बरं मला."

तिनं परत सांगितलं. शिवाय कालही घेतलं होतं, पट्टीपण ह्यानंच मोडली, रांगेत तो पुढे घुसतो, आणि मी त्या दिवशी ओली झाले तेव्हा तो हसला. वर्षभराच्या तक्रारी धबाधबा बाहेर पडल्या. बाई एकेक ऐकून घेत होत्या. माझ्यावर बसलेली ताई गदगदत होती. ती हसत होती की रडत होती, ते मला खालून कळलं नाही.

आता ती दुसरीत आहे. तिथल्या बाई परवाच ताईला म्हणाल्या, "अगं, ही मुलगी क्षणभर गप्प बसत नाही." ताई म्हणाली, "असू दे हो." रोज ती आमच्या दारावरून तरातरा जाते आणि आत ढुंकूनही बघत नाही. मला लागतं ते, खोटं कशाला बोलू?

यंदा पहिलीत एक नवा मुलगा आलाय. अजून तोंडातून शब्द नाही. काल मधल्या सुट्टीत तो एकटाच बाकावर बसला होता, आणि दारातून आली कोण, तर गुपचिळी. तिनं मला फरफटत त्याच्याजवळ नेलं आणि माझ्यावर टेकून विचारलं, "नाव काय तुझं?" तो गप्प. मागून एक मुलगी त्याचं नाव सांगायला लागली, तशी ही वळली.

"त्याला सांगू दे."

मित्रांनो, मला रंग द्या, माझ्यावर चढून नाचू नका, अशा दोन-चार मागण्या मी शेवटी करणार होते. पण काल घंटा झाली, मुलं धावत वर्गात शिरली, आणि ही पोरगी माझ्यावरून उठेचना. मग माझं मागणं एकच उरलं. तुमच्या शेजारी कुणी शब्दापाशी अडून बसलं असेल, तर त्याचं उत्तर तुम्ही देऊ नका. जवळ बसा आणि थांबा. घंटा झाली तरी थोडं थांबा.