धूर दिसेना

बारकीचा आपल्या हातच्या कामावर इतका भरवसा, की तपासणीच्या सकाळी ती लाँचच्या कठड्यावर पाय हलवत शेंगदाणे खात बसली होती. इंजिनांची चाचणी घेणं हीच तिची नोकरी. वनस्पती तेलापासून केलेलं बायोडिझेल साध्या डिझेलमध्ये मिसळून तिने आजवर कितीतरी इंजिनांना पाजलं होतं. या इंधनात मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते पुरतं जळतं आणि काजळी कमी होते. ताकद किंचित घटते, इंधनही थोडं जास्त लागतं, हे तिने कधी लपवलं नव्हतं.

दादाची लाँच नदीच्या या काठावरची माणसं त्या काठाला नेई. जुनं इंजिन असा काळा धूर ओकायचं, की आज तो मर्यादेत आला नाही तर लाँच बंदच होणार होती. म्हणून दादाने बहिणीचं ऐकून तिचं मिश्रण टाकीत भरलं, तेही नाक मुरडत.

निरीक्षकबाईंनी धूर मोजायची नळी धुराड्यात सरकवली. दादाने इंजिन रेटलं. काळाकुट्ट लोट उठला आणि बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"घ्या, हे हिचं शहाणं तेल," दादा म्हणाला.

बारकीने उरलेले शेंगदाणे खिशात टाकले. तेल असं वागत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग वागलं कोण? एरवी इंजिनाला कोणी नुसतं बोट लावलं तरी खेकसणारा दादा आज खाली मान घालून एकच दोरी सोडत होता, बांधत होता. चोराच्या मनात चांदणं. ती इंजिनाशी उतरली. इंधन किती सोडायचं ते ठरवणारा पंपावरचा स्क्रू तिने स्वतः बसवला होता, वर लाल रंगाचा ठिपकाही दिला होता. आता ठिपका उडालेला आणि पान्याचे ओरखडे ताजे.

"दादा, हा कोणी पिळला?"

"मीच. धूरच दिसेना गं. भरलेली लाँच प्रवाहात काढताना मी मागे धुराकडे बघतो. काळा झाला की समजायचं, ओढतंय. बाबांनी असंच शिकवलं. परवा मागे बघितलं तर काहीच नाही. वाटलं, संपलं आता. म्हणून स्क्रू पिळून इंधन वाढवलं."

"आणि धूर दिसल्यावर?"

"जिवात जीव आला."

तिला राग आला, हसूही आलं. मग भर प्रवाहात मागे वळून बघणारा, घाबरलेला दादा डोळ्यांसमोर आला आणि फार वाईट वाटलं. धूर दिसणार नाही, आणि काळा धूर म्हणजे ताकद नव्हे तर न जळलेलं इंधन, हे त्याला आधीच सांगायला हवं होतं. पण चाचणीच्या खोलीत धूर बघून कोणी इंजिन हाकत नाही, त्यामुळे तिला सुचलंच नव्हतं.

तिने स्क्रू जागेवर आणला. "बाई, पुन्हा मोजा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

बाईंनी मोजलं. धूर मर्यादेच्या बराच खाली होता.

"पण भरल्यावर ओढेल का?" बाईंनी विचारलं.

"बसा की," बारकी म्हणाली.

काठावर खोळंबलेली माणसं चढली, लाँच निघाली. प्रवाह लागला तशी दादाची मान सवयीने मागे वळली. धुराड्यावर नुसतं आभाळ होतं.

"मग आता मी बघू कुठे?" त्याने हळूच विचारलं.

"समोर बघ, दादा."

त्याने बघितलं. पलीकडचा काठ जवळ येत होता.