कमानीच्या अंगातलं मीठ

मी एक जुनी कमान आहे. रोमच्या वेशीबाहेर, मेंढ्यांच्या कुरणात उभी आहे. उभं राहण्यावाचून मला दुसरं येतं तरी काय? बसायची सोय असती तर केव्हाच बसले असते.

मित्रांनो, गवंड्यांनी आधी लाकडाचा साचा उभारला, त्यावर विटा रचल्या आणि पोटात चुना, ज्वालामुखीची राख अन् दगडगोटे ठासून भरले. राख आणि चुना असे एकजीव झाले, की साचा काढला तरी मी जागची हलले नाही. माझ्या डोक्यावरच्या पाटातून डोंगरातलं पाणी शहराच्या कारंज्यांना जाई. तेव्हा माझी केवढी वाहवा होती! पुढे शत्रूंनी पाट फोडला, पाणी आटलं आणि मला कुणी विचारेना. माझ्या विटा उपसून लोकांनी आपली घरं बांधली. आपल्याच माणसांनी ओरबाडलं, सांगायचं कुणाला?

मग अभ्यासक आले. कुणी माझी रुंदी मोजली, कुणी माझा चुना डबीत भरून नेला. त्यांत ओरेस्ते नावाचा तरुण प्राध्यापक होता. माझ्या सांध्यांतल्या फटी पाहून त्याचा जीव कळवळला आणि त्याने त्यांत सिमेंट भरलं. प्रेमानं भरलं, हे मी नाकारत नाही. पण माझा चुना पाणी पितो आणि उन्हात सोडून देतो. सिमेंटनं ती वाटच बुजवली. पाणी आत अडकलं, त्यातलं मीठ विटांत साठलं आणि विटांचे पापुद्रे सुटू लागले. काय सोसलं ते माझं मला ठाऊक.

यंदाच्या वसंतात ओरेस्तेची जुनी विद्यार्थिनी फियाम्मेत्ता छिन्नी-हातोडा घेऊन आली. आता माझी देखभाल तिच्याकडे होती. पाहते तर काय, म्हातारा ओरेस्ते माझ्याखाली खुर्ची टाकून बसलेला!

"प्रोफेसर, उठा. काम सुरू करायचंय."

"नाही उठत. सिमेंट काढलंस की ही कोसळणार. मग मीही इथंच!"

"अहो, सिमेंटच तिला खातंय."

"मला शिकवतेस? तुला चुना कालवायला कुणी शिकवलं गं?"

"तुम्हीच. म्हणून तर भांडतेय."

म्हातारा हटेना. शेवटी तीही शेजारी बसली आणि तिने पाव, कोवळ्या शेंगा अन् मेंढीच्या दुधाचं चीज काढलं. दोघं खात होती. तेवढ्यात माझ्या विटेचा एक पापुद्रा ओरेस्तेच्या मांडीवर पडला. मी मुद्दाम टाकला नाही, पण पडला ते बरंच झालं. त्याच्या आतल्या बाजूला पांढरी पूड होती.

"चाखा," फियाम्मेत्ता म्हणाली. "जीभ लावल्याशिवाय भिंत कळत नाही, असं तुम्हीच वर्गात सांगायचात."

त्याने जीभ लावली. "खारट आहे. पण ते या चीजमुळे."

"मग चूळ भरा आणि पुन्हा चाखा."

त्याने चूळ भरली, पुन्हा चाखलं, आणि त्याचा चेहरा उतरला. मग तो खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "छिन्नी आण इकडे. मी भरलंय, मीच काढतो."

त्याने छिन्नी माझ्या सांध्याला लावली. तिने त्याच्या मनगटाला आधार दिला. सिमेंटचा पहिला तुकडा सुटला तेव्हा त्याने डोळे गच्च मिटले. मी पडले नाही. किती वर्षांनी माझ्या सांध्यांना वारा लागला! मला रडूच आलं, त्यांना नुसती ओल दिसली.

ओरेस्तेने माझ्या विटेवर कपाळ टेकलं. "म्हातारे, इतकं दुखत होतं तर बोलली का नाहीस गं?"

मी बोलतच होते, मित्रांनो. एकेका पापुद्र्यानं बोलत होते. गळून गेलेल्या विटा काही परत येणार नाहीत आणि मी आता फार थकले आहे. तुमच्या आसपास कुणी जुनं उभं असेल, तर त्याला सावरायला धावण्याआधी काय दुखतंय ते विचारा. आणि विचारून जरा थांबा. आम्हाला बोलायला वेळ लागतो.