खळ्यावरची पहिली पेंढी

मी एक जुने मळणीयंत्र आहे. हल्ली गोदामाच्या मागे, पत्र्याच्या छपराखाली उभे असते. माझा पट्टा कोणीतरी काढून नेला, चाकांतली हवा केव्हाच गेली. पूर्वी जिथून गव्हाच्या पेंढ्या आत जायच्या, त्या माझ्या तोंडात आता एक कोंबडी अंडी घालते. मी तिच्यावर रागावत नाही. इतकी वर्षे भरल्या पोटाने काढल्यावर रिकामे राहणे जड जाते, म्हणून तीही चालते.

मित्रांनो, माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लोखंडाचे पत्रे कापून, तापवून, ठोकून मला घडवले. पोटात दाते असलेला ड्रम बसवला, त्याच्याखाली चाळणी, बाजूला पंखा. ट्रॅक्टरला पट्टा जोडला की ड्रम गरगरायचा, पेंढीतून दाणे सुटायचे, पंखा भुसा दूर उडवायचा आणि खालच्या तोटीतून स्वच्छ गहू पोत्यात पडायचा. पहिल्यांदा पोते भरले तेव्हा त्या आवाजाने मी स्वतःच हरखून गेले होते.

मला ज्या माळावर आणले, तिथली माणसेही माझ्यासारखीच नवी होती. धरणाचे पाणी चढले आणि तीन गावे त्याखाली गेली. एक डोंगरातले, एक नदीकाठचे आणि एक सपाटीवरचे. तिघांनाही जलाशयाच्या काठी एकाच माळावर जागा मिळाली. तीन वस्त्या झाल्या. पण खळे एकच आणि मळणीयंत्रही एकच, मी. माझी देखभाल एक मिस्त्री करायचा. स्वतः जेवायच्या आधी तो माझ्या बेअरिंगला ग्रीस द्यायचा आणि म्हणायचा, "आधी तुझं, मग माझं. तू रुसलंस तर तीन वस्त्या माझ्या मानगुटीवर बसतील."

पहिल्याच सुगीला भांडण झाले.

डोंगरातल्या लोकांची रीत अशी, की पहिली पेंढी खळ्यावर ठेवायची आणि सगळ्यांनी तिच्याभोवती गप्प उभे राहायचे. खोकलासुद्धा दाबून धरायचा. त्यांच्यातल्या सर्वांत वडील बाईने पेंढी उचलली की मगच काम सुरू. या बाईला सगळे मोठी आई म्हणत. अंगाने किरकोळ, पण नजर अशी की ट्रॅक्टर आपोआप बंद पडावा.

नदीकाठच्या लोकांची रीत नेमकी उलटी. ते पहिल्या पेंढीला मोठमोठ्याने गाऊन आत धाडायचे. गाण्यात पुढे असायची नावाड्याची बायको. तिचा आवाज पाण्यापलीकडे ऐकू जायचा, म्हणून लोक तिला भोंगा म्हणत आणि तीही त्या नावाला खुशाल 'ओ' द्यायची.

सपाटीवरच्यांचे तिसरेच. ते गप्पही बसत नसत आणि गातही नसत. पहिले भरलेले पोते ते एखाद्या अनोळखी माणसाला देऊन टाकायचे. माळावर अनोळखी माणूस मिळणे कठीण. एकदा त्यांनी फिरत्या चष्मेवाल्याला धरून आणले. सायकलवर गव्हाचे पोते चढवले, तेव्हा तो बिचारा गयावया करत म्हणाला, "अहो, माझं काही चुकलं का?"

तर त्या पहिल्या सुगीला डोंगरातली माणसे गप्प उभी होती. कोणी काही करत का नाही, असे वाटून भोंग्याने गाणे सुरू केले.

"बंद कर ते!" मोठी आई कडाडली.

"का? सुगीच्या दिवशी तोंडाला कुलूप लावायचं का आम्ही?"

"लाज नाही वाटत तुला?"

"लाज कसली त्यात? तुम्हीच सुतकात असल्यासारख्या उभ्या!"

मग पुरुष मध्ये पडले, आणि पुरुष मध्ये पडल्यावर जे व्हायचे तेच झाले. दोन-तीन शर्ट फाटले. मिस्त्रीने माझा पट्टा उतरवून खांद्यावर टाकला आणि तो घरी निघून गेला. त्या संध्याकाळी पावसाने गाठले आणि दोन्ही वस्त्यांच्या गव्हाच्या गंजी भिजल्या. पुढच्या वर्षापासून प्रत्येक वस्तीने मळणीचा वेगळा दिवस ठरवून घेतला. खळे तेच राहिले, माणसे मात्र एकमेकांच्या दिवशी तिकडे फिरकेनाशी झाली.

अशी बरीच वर्षे गेली. माझे कौतुक सगळेच करायचे. मी मात्र त्या काळात एका माणसाला सर्वांत जास्त जीव लावला. तो मोठ्या आईचा एकुलता मुलगा. पेंढ्या माझ्या तोंडात घालायचे काम त्याचे. काही जण भसाभस कोंबतात, मग माझा घसा बसतो. तो एकेक पेंढी मोकळी करून हळुवार आत सोडायचा. त्याची छोटी मुलगी भुशाच्या ढिगात नाकापर्यंत बुडून बसायची आणि त्याची बायको तिला शोधत ओरडत फिरायची.

एका वर्षी त्याने गहू पेरला आणि थंडी सरायच्या आत तो आजारी पडला. ताप उतरेना. दवाखाना पलीकडच्या काठावर. वारा असा सुटला होता की नाव पाण्यात घालायला कोणी धजावत नव्हते. नावाड्याने घातली. मोठ्या आईला नावेत जागा नव्हती. ती काठावर राहिली. सून नवऱ्याचे पाय धरून बसली आणि त्याचे डोके भोंग्याने मांडीवर घेतले. दवाखान्यात चार दिवस काढून तो गेला. हे सारे मला मिस्त्रीने सांगितले. मला पुसता पुसता तो स्वतःशीच बोलायचा.

शेतातल्या गव्हाला यातले काही माहीत नव्हते. तो वेळेवर पिकला. साऱ्या रानांची कापणी उरकली तरी मोठ्या आईचे रान तसेच उभे. दाणे गळू लागले.

"आई, कापायला हवं आता," सून म्हणाली.

"ज्यानं पेरलं तो नाही. मी त्या पेंढीपुढे उभी राहून कोणाचे उपकार मानू?"

"आणि पोरीला वर्षभर काय घालू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर भोंगा आणि नदीकाठच्या बायका विळे घेऊन उभ्या होत्या.

"माझ्या रानात गाणं नको," मोठी आई एवढेच म्हणाली.

"नाही गाणार."

दिवसभर त्या रानातून फक्त विळ्यांचा आवाज आला. पेंढ्या बांधून त्यांनी स्वतःच गाडीत भरल्या आणि खळ्यावर आणल्या. मोठ्या आईने पहिली पेंढी खाली ठेवली. डोंगरातली माणसे भोवती उभी राहिली. नदीकाठच्या बायका दूर थांबल्या होत्या. मग एकेक करून त्याही जवळ आल्या आणि गप्प उभ्या राहिल्या. भोंगा खाली मान घालून उभी होती. तिने पदर तोंडात घट्ट धरला होता, तरी खांदे हलत होते.

पेंढी उचलायची वेळ झाली, पण मोठ्या आईचे हात पुढे होईनात. मग तिने भोंग्याकडे पाहिले.

"तुम्ही त्या गाण्यात म्हणता तरी काय?"

भोंगा दचकली. "नावं म्हणतो. पेरणीला होते आणि कापणीला नाहीत, त्यांची. जुनी तशीच ठेवतो आणि दरवर्षी नवी जोडतो. त्यांच्या हातचं खातो ना आपण." ती थांबली. "यंदा तुमच्या मुलाचं जोडलंय. तुम्हाला आवडणार नाही म्हणून आमच्या दिवशी हळूच म्हटलं. चुकलं असेल तर..."

मोठी आई खाली बसली. तिने पेंढीवर हात ठेवला.

"आम्हीही तेच करतो," ती म्हणाली. "मनात. आवाज झाला की नावं निसटतात."

"मग त्या वर्षी सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठे?"

भोंगा पेंढीपाशी येऊन तिच्यासमोर बसली.

"म्हण आता," मोठी आई म्हणाली. "त्याचं नाव माझ्यासमोर म्हण."

"हळू म्हणू?"

"भोंगा म्हणतात ना तुला? मग हळू कशाला?"

मित्रांनो, मी खूप आवाज करणारे यंत्र आहे. पण त्या दिवशी त्या बाईपुढे माझा आवाज कमी पडला असता. एकामागून एक नावे येत गेली. कितीतरी नावे पाण्याखाली गेलेल्या गावातली होती. शेवटी त्याचे नाव आले. मोठ्या आईने पेंढी उचलली, तो करायचा तशीच मोकळी केली आणि माझ्या तोंडात सोडली. मिस्त्रीने डोळे पुसत पट्टा चढवला.

पहिले पोते भरले तेव्हा सपाटीवरचा शिंपी तिथे आला होता. आपल्या वस्तीचे काय म्हणणे, ते त्याने चाचरत सांगितले. "आम्ही गेलेल्यांचं काही म्हणत नाही. आमच्याकडे पोतं देतात ते ज्याला आपण ओळखत नाही, त्याला."

मोठ्या आईने सुनेला विचारले, "तिकडे त्याला शेवटचं पाणी कोणी पाजलं?"

"एक नर्स होती. नाव नाही विचारलं मी."

"मग हे तिला," मोठी आई म्हणाली.

त्याच दुपारी नावाड्याने पोते नावेत घातले. या खेपेला मोठी आई पुढच्या फळीवर बसली. काठ सोडताना तिने नावेच्या कडेला घट्ट धरले होते. ज्या पाण्याने तिचे घर गिळले, त्या पाण्यावर ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती.

पुढे माझे दिवस सरले. आता राक्षसासारखी मोठी यंत्रे येतात. ती शेतातच कापतात, तिथेच मळतात आणि धान्य सरळ ट्रकमध्ये ओततात. पेंढी बांधलीच जात नाही, मग पहिली कोणती म्हणायची? मी त्यांचा हेवा करत नाही. त्यांनी माणसांची कंबर वाचवली. पण त्यांच्याभोवती कोणी थांबलेले मी पाहिले नाही. माझ्या चाळणीला गंज चढला आहे. कोणी तेलाचे दोन थेंब दिले, तर मला बरे वाटेल.

त्याहून मोठे मागणे मात्र वेगळे आहे. मित्रांनो, जेवणाआधी, कामाआधी, पीक घरात येताना कोणी गप्प उभे राहिलेले दिसेल, कोणी गळा फाडून गात असेल, कोणी परक्याच्या हातात काही ठेवत असेल. तुमच्या घरी तसे करत नसतील. म्हणून हसू नका आणि पाठही फिरवू नका. त्याचे होईपर्यंत थांबा. मग जवळ जा आणि विचारा, "हे कोणासाठी?"