लूहीथचं नाव

हमूटलचा हिशेब सरळ होता. मवाबाच्या नावानं एक दुपार रडायचं आणि दुभती बकरी घरी न्यायची. बकरी स्वतःसाठी नव्हे. यार्देन नदीपलीकडे, मवाबातल्या लूहीथ गावी दिलेली तिची लेक यमीमा बाळंत झाली होती, आणि अंगावरचं दूध बाळाला पुरत नाही असा तिचा निरोप आला होता.

यरुशलेमात कुणी वारलं की रडायला बोलवायचं ते हमूटललाच. तिचा हंबरडा ऐकून वारसदारांच्याही डोळ्यांत पाणी यायचं, यापरतं कसब ते काय! पण जिवंत माणसाच्या नावानं शोक करायचा नाही, हा रडणाऱ्या बायकांचा जुना दंडक. तिनं तो कधी मोडला नव्हता.

या वेळचं मयत म्हणजे एक अख्खा देश होता, आणि तो अजून मेलेला नव्हता. देव मवाबाला बुडवणार, असं संदेष्ट्यानं वेशीत सांगितलं होतं. पण सांगता सांगता तो स्वतःच रडायला लागला, आणि लोकांना ते काही रुचलं नाही. शत्रू बुडणार म्हटल्यावर जरा मजा नको का यायला? म्हणून वल्हांडण सणाच्या गर्दीत तेच शब्द ठसक्यात म्हणायला धान्याचा व्यापारी पलट्या यानं हमूटलला दुभत्या बकरीच्या बोलीवर ठरवलं. मवाब्यांनी त्याचा गव्हाचा तांडा लुटला होता; तेव्हापासून त्याची देवभक्ती फार वाढली होती.

"वहिनी, जिवंतांचं रडणं आहे हे," डफ शेकता शेकता नणंद नारा म्हणाली. "अंगाशी येईल."

"देश आहे गं तो. देशाला कुठे आई असते?"

वेशीत तिनं केस सोडले आणि गळा उघडला. हेशबोन, एलाले, याहस, होरोनाईम. एकेका गावाचं नाव घेऊन ती ऊर बडवत होती आणि गर्दी शिट्ट्या मारत होती. लूहीथ तिनं अलगद वगळलं.

पण पलट्या मापात फसणारा माणूस नव्हता. "बाई, एक गाव गिळलंत! लूहीथच्या घाटात आक्रोश होणार, असं संदेष्टा म्हणालाय की."

"राहिलं असेल, दादा. एका गावानं काय होतंय?"

"मग बकरीचा एक पाय ठेवून घेऊ का मी?"

लोक खो-खो हसले. "लेक दिलीय तिथं! जावई वाचवतेय!" कुणीतरी मागून ओरडलं.

हमूटलनं बकरीकडे पाहिलं. कास तट्ट भरली होती.

तिनं लूहीथचं नाव घेतलं. आणि त्या नावाला तिला असं रडू फुटलं की शिट्ट्या आपोआप थांबल्या. पलट्या इतका खूश झाला की जवाचा भुसाही वर दिला.

बकरी घेऊन लगेच निघावं, तर यार्देन दुथडी भरलेली. कापणीच्या दिवसांत डोंगरांतलं बर्फ वितळून ती फुगतेच. पाणी लवकर ओसरेल असं हमूटल धरून चालली होती. ते ओसरेपर्यंत उत्तरेकडच्या राजाचं सैन्य मवाबात घुसलं.

यमीमा आली ती एकटी, अनवाणी. नवरा लढायला थांबला होता, तो तिकडेच पडला. अंगणात बकरी बांधलेली पाहून ती थबकली.

"ही कुणाची?"

"तुझीच गं. बाळ कुठंय?"

"घाटात पुरला. पळता पळता होतं तेही दूध आटलं." ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "आई, व्यापाऱ्यांनी उंटांवरून, वाळवंटाच्या लांबच्या वाटेनं तुझं गाणं तिकडे आणलं होतं. सासू म्हणाली, तुझ्या आईनं आमचं गाव जिवंतपणीच रडून टाकलंय. मी भांडले तिच्याशी. म्हटलं, लूहीथचं नाव आई घेणारच नाही. घेतलंस?"

हमूटलला खोटं बोलता आलं नाही. "घेतलं. त्याच्या दुधासाठी."

हमूटल खाली बसली, आणि हात सवयीनं केसांकडे गेला. यमीमानं तो धरला.

"त्याच्यासाठी नको, आई. त्याचं रडून झालंय तुझं. जिवंत होता तेव्हाच."

बकरी कासेच्या भारानं ओरडत होती. शेवटी नारानंच ती पिळली आणि वाडगं दोघींच्या मधे ठेवलं. कुणी शिवलं नाही.

पलट्याचं मन निवलं होतं, संदेष्ट्याचा शब्द खरा झाला होता, आणि हमूटलला ठरल्याप्रमाणे अख्खी बकरी मिळाली होती. या सगळ्याचं मोल ज्यानं चुकतं केलं, त्याला अजून दातही आले नव्हते.