पंगत मोडू नये

"आक्का, आज तेवढं मूग गिळून बसा बरं," माझी भावजय चंद्रप्रभा मला म्हणाली, तेही हात जोडून. मी चाकूरहून पहिल्या बसनं लातूरला त्यांच्या दारात येऊन उभी होते, अजून पायावर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. दुसरं कुणी असतं तर तिथंच सुनावलं असतं. पण तिचे डोळे बघितले अन् गप्प आत गेले.

तिचंही चुकत नव्हतं म्हणा. मागल्या वर्षी माझ्या भाचीला, तनुजाला, उदगीरचं स्थळ आलं होतं. मी फक्त एवढंच विचारलं, की मुलाची नोकरी पक्की हाय का कंत्राटी? झालं! चहा तसाच ठेवून माणसं उठली. तेव्हापासून ह्या घरात काही बिघडलं की माझी जीभ. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, असं माझ्या माघारी म्हणतात, मला काय ठाऊक न्हाई का? तनुजा अठ्ठावीसची झाली. आता मुदखेडचं स्थळ जमलं होतं, मुलगा सोमेश, नोकरी पक्की, पसंती दोन्हीकडून. आज साखरपुडा. हे मोडलं तर पोरीचं पुढं काही खरं न्हाई, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. अन् मोडलंच तर ते कुणामुळं, तेही ठरलेलंच होतं.

माझा भाऊ आप्पासाहेब. त्यानं ह्या कार्यक्रमासाठी हॉलमध्ये नवाकोरा एसी बसवला होता. बाहेर ऊन असं की डांबर पायाला चिकटावं. आतला गारवा जाऊ नये म्हणून दारं बंद, खिडक्या बंद, वर पडदे ओढलेले. स्वयंपाकघराला बाहेरचं दार न्हाई, ते हॉलमध्येच उघडतं. तिथं फक्त शेगडीवर बासुंदी गरम करायला ठेवली होती. बाकी सगळं आचाऱ्यानं सकाळीच करून दिलेलं, हॉलच्या कडेला मांडलेलं.

कुंकू लावून झालं अन् पंगत बसली. खाली, पट्ट्यांवर. आमच्यात पाहुण्यांची पहिली पंगत तशीच बसवतात. मधोमध सोमेशची आजी, केवळाबाई. वय ऐंशीच्या पुढं, पण सगळं घर मुठीत. तिनं हात धुतल्याशिवाय त्या घरातलं कुणी पानावरून उठत न्हाई, असं आम्हाला आधीच सांगून ठेवलेलं. तिच्या एका अंगाला तिचा मुलगा मल्लिनाथराव, म्हणजे आमचे व्याही. दुसऱ्या अंगाला सोबत म्हणून मी. समोर सोमेश अन् तनुजा. केवळाबाईच्या आग्रहानं आप्पा अन् चंद्रप्रभालाही बसावं लागलं. वाढायला आप्पाची सून पुनम अन् शेजारच्या बायका.

भाताच्या वेळी मला वास आला.

आधी वाटलं, कोबीची भाजी आंबली का काय. मग परत आला. खाली बसलेल्या माणसाच्या नाकाशीच येतोय, असा. माझा घास हातातच राहिला. मी वर बघितलं. मल्लिनाथरावांनी नाक आक्रसलं होतं. त्यांनी आईकडं बघितलं. आई भात कालवून राहिली होती. त्यांनीही घास घेतला. मी आप्पाकडं बघितलं, त्याची माझी नजरानजर झाली अन् तो एकदम मोठ्यानं ओरडला, "अगं मठ्ठा वाढा की पाहुण्यांना!"

त्यांच्यातल्या बालाजी नावाच्या पाहुण्यानं मान वर करून म्हणलं, "नव्या एसीला असतोय असा वास. आमच्याकडंबी होता."

"असतोय, असतोय," चारी बाजूनं आवाज आला. सगळ्यांचे चेहरे सैल पडले. अन् आता काय सांगू, मलाही पटलं! आमच्या घराला एसी न्हाई, मला काय कळतंय, असं म्हणून मी दोन घास खाल्ले. तोंडाची वटवट करणारी मी बाई, पण मीही मेंढरामागं मेंढरूच.

पण वास कमी होईना. उलट वाढून राहिला. डोकं जड झालं, घशात काहीतरी बसल्यासारखं. माझ्या घरात सिलिंडर हाय, वास मला ठाऊक न्हाई असं कसं म्हणू? हा एसीचा न्हाई. हळूच केवळाबाईला विचारलं, "आजी, कसला वास येतोय हो?"

"जेव बाई," ती पानाकडं बघूनच म्हणाली. "पानावर बसून बोलू न्हाई."

आता मला दोन्हीकडून भीती वाटायला लागली. उठले अन् काही नसलं तर? पाहुण्यांची पंगत मोडली म्हणतील, अपशकुन केला म्हणतील, पोरीचं लग्न परत माझ्या तोंडानं मोडलं म्हणतील. अन् बसले अन् असलं तर? मी एकेकाच्या तोंडाकडं बघून राहिले, की कुणीतरी दचकेल, कुणीतरी म्हणेल. चंद्रप्रभा पानात बोट फिरवत होती. सोमेश पाणी पिऊन राहिला. सगळे कसे शांत! इतकी माणसं शांत हायत म्हणजे काही नसंल, असं एक मन म्हणायचं. अन् दुसरं म्हणायचं, अगं, तूही वरून शांतच दिसून राहिलीस की.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात पुनम आली. हातात औक्षणाचं ताट. जेवण झाल्या झाल्या अंगठ्या घालायच्या होत्या, मुहूर्त टळू नये म्हणून ती आधीच निरांजन लावायला निघालेली. ताट तिनं वाढणाऱ्या एका बाईच्या हातात दिलं अन् पदराशी खोचलेली काडेपेटी काढली. कानाशी धरून हलवून बघितली, काड्या हायत का म्हणून.

माझी पाचावर धारण बसली.

"पुनम!" मी ओरडले. "काडी ओढू नको! गॅस हाय, गॅस!"

पोरगी जागच्या जागी थांबली. पेटी हातात तशीच. मी उभी राहिले. "उठा सगळे! बाहेर चला!"

अन् कुणी हाललं न्हाई हो. एक माणूस हाललं न्हाई. मला आजही त्या क्षणाचीच भीती वाटते, गॅसची न्हाई. सगळ्यांचे हात पानावर, अन् सगळ्यांचे डोळे माझ्याकडून सरकून केवळाबाईकडं. पुनम सासूकडं बघून राहिली, सासू व्याह्यांकडं, व्याही आईकडं. मल्लिनाथराव हसून म्हणाले, "बसा हो आक्का. उन्हाचं आलात, चक्कर आली असंल." पुनमचा हात परत काडेपेटीकडं वळायला लागला.

मग मला कळलं, की माझं ओरडणं भिंतीवर डोकं आपटणं हाय. ती म्हातारी उठल्याशिवाय एकही जण उठणार न्हाई. मी खाली वाकले, उष्ट्या हातानं केवळाबाईचं मनगट धरलं अन् तिला पानावरून ओढून उभं केलं. त्यांच्या घरात तिला असं हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती. पण म्हातारी किती हलकी उठली! तिनंच माझं मनगट घट्ट धरलं, नखं रुतली. अन् ती उठली तशी अख्खी पंगत एका दमात उठली. दार उघडलं. पुनमच्या हातातली पेटी मी हिसकावून घेतली. सगळे उन्हात, अंगणात.

आप्पा तोंडाला रुमाल लावून एकटा आत गेला. बऱ्याच वेळानं बाहेर आला. सगळे त्याच्या तोंडाकडं.

"काही न्हाई," तो म्हणाला. "बासुंदी उतू गेली होती, शेगडी विझली होती. पण बटण बंदच होतं."

माझ्याकडं त्यानं बघितलं न्हाई. त्याच्या मागं स्वयंपाकघराच्या खिडक्या सताड उघड्या दिसत होत्या. बंद बटणासाठी कुणी खिडक्या उघडतंय का?

"तुम्हाला आला का हो वास?" मल्लिनाथरावांनी बालाजीला विचारलं.

"न्हाई बा. एसीचाच होता."

"तुला?"

"न्हाई."

एकेकाला विचारलं. न्हाई, न्हाई, न्हाई. सोमेशनं चपलेकडं बघून मान हलवली. केवळाबाई म्हणाली, "मला तर काहीच आला न्हाई." माझ्या मनगटावर तिच्या नखांचे वळ तसेच होते. मी ते वळ बघितले अन् मला माझीच शंका यायला लागली. एवढी माणसं खोटं बोलतील? का माझंच डोकं फिरलं? भर उन्हात मला हिव भरल्यासारखं झालं.

"आमची पंगत मोडली," मल्लिनाथराव म्हणाले. "आईला हाताला धरून उठवलं. ह्या घरात पोरगी घ्यायची का न्हाई, विचार करावा लागंल."

चंद्रप्रभानं माझ्याकडं बघितलं. सकाळी जोडले होते ना, तसेच हात जोडून. मी काय करणार? पोरीचं आयुष्य होतं. मी पदर घेतला अन् म्हणाले, "चुकलं माझं. वास नव्हता. मला भास झाला."

तनुजा माझ्याकडं टक लावून बघून राहिली होती. मी नजर फिरवली.

पाहुणे निवळले. माफ केलं म्हणाले, मोठ्या मनानं. परत आत गेले, अंगठ्या घातल्या, बासुंदी सोडून सगळं खाल्लं अन् गाड्या मुदखेडला निघाल्या. कुणीही एसी लावा म्हणलं न्हाई. खिडक्या बंद करा म्हणलं न्हाई. त्या घामातच सगळे हसून बोलून राहिले होते.

दिवे लागायच्या वेळी आम्ही चौघंच हॉलमध्ये होतो, आप्पा, चंद्रप्रभा, तनुजा अन् मी. पुनम वर पोरांपाशी गेलेली. मी पिशवी भरून राहिले होते. तेवढ्यात सोमेशचा फोन आला. तनुजानं नाव बघितलं, आमच्याकडं बघितलं अन् फोन स्पीकरवर टाकून मधोमध ठेवला.

"तनुजा," तो दबक्या आवाजात म्हणाला, "एक सांगू? मला वास आला होता. पहिल्या भातालाच. घाबरलो होतो मी. तुझ्या आत्यानं वाचवलं आपल्याला."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. वेडी न्हाई हो मी!

"मग बोलला कामून न्हाई?" तनुजानं विचारलं.

"आजी बसली होती. सगळेच बसले होते. मी एकटा कसा उठू? हे बघ, आपल्या दोघांतच ठेव हे. आमच्या घरात कुणाला म्हणू नको."

"तुमच्या घरातलं जवळ कोण हाय आता?"

"सगळे हायत. गाडी थांबवलीय, चहाला. कामून?"

"मग मोठ्यानं म्हण. आत्ता म्हणलास तेच. मला ऐकायचंय."

पलीकडून काहीच आवाज येईना. आम्ही चौघं त्या फोनकडं बघत होतो. चंद्रप्रभानं माझा हात धरला, मला कळलंही न्हाई कधी. म्हण रे बाबा, मी मनातल्या मनात म्हणून राहिले होते. एकदा म्हण. एकानं म्हणलं की दुसरा म्हणतो, म्हातारीसुद्धा म्हणंल. पोरीला तेवढंच पाहिजे. मग मल्लिनाथरावांचा आवाज लांबून आला, "कुणाचा फोन हाय रे?"

"कुणाचा न्हाई," सोमेश म्हणाला अन् फोन बंद झाला.

तनुजानं बोटातली अंगठी काढली अन् फोनशेजारी ठेवली. "आप्पा, मी जाणार न्हाई त्या घरात. उद्या तिथं मी जळत असले तरी हे सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतील."

आप्पानं चंद्रप्रभाकडं बघितलं. चंद्रप्रभानं आप्पाकडं. माझ्या अंगावर काटा आला. दुपारी पंगतीत होती तीच नजर, तीच. पोरगी एकटी उभी, अन् सगळे कुणीतरी आधी बोलंल म्हणून बसलेले. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी माझी भावजय बोलली. तिचा आवाज मी कधी एवढा बारीक ऐकला नव्हता.

"मलाही आला होता वास," ती म्हणाली. "आक्कांच्या आधी. माझी पोरगी समोर बसली होती, अन् मी व्याह्यांच्या पानाकडं बघून राहिले."