वाळवीच्या जागी

साहेबांची नजर अधू झाली होती, पण चष्मा लावला तर म्हातारा दिसेन या धास्तीने ते भाषण आधी कधी वाचतच नसत. भाषण विभागाकडून मजकूर यायचा, त्यांच्या कार्यालयातल्या टंकलेखक बाई तो बोटभर उंचीच्या अक्षरांत टाइप करायच्या आणि व्यासपीठासमोरच्या पडद्यावर सरकवायच्या. पडद्यावर दिसेल ते साहेब बोलायचे. एकवीस वर्षांत बाईंनी स्वल्पविरामही इकडचा तिकडे केला नव्हता.

युद्ध सुरू झालं तशी भाषणांत उपमांची रेलचेल झाली. लोकांना त्या आवडायच्या. बाई मात्र प्रत्येक उपमेमागून काय येतं ते पाहायच्या. साहेब ‘तण उपटू’ म्हणाले, त्याच आठवड्यात दोन संपादक दिसेनासे झाले. ‘किडका दात काढावाच लागतो’ म्हणाले आणि पुलापलीकडची अख्खी वस्ती रिकामी झाली. आधी उपमा यायची, मागून गाडी.

त्या दिवशी बाराचं भाषण होतं आणि मजकूर आला साडेअकराला. तिसऱ्या पानावर वाक्य होतं : सीमेपलीकडून येऊन आपल्या घरात राहिलेली ही वाळवी आहे.

बाईंनी ते वाक्य पुन्हा वाचलं. त्यांचा जावई सीमेपलीकडचा. दोन वर्षांचा असताना आईच्या कडेवर बसून आलेला, आता शाळेत भूगोल शिकवणारा, सासूच्या हातचा पांचट चहाही मागून घेणारा. वाळवीचं काय करतात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

वाक्यच गाळलं तर लगेच लक्षात आलं असतं. शब्द बदलला तर चूक म्हणून खपेल, फार तर नोकरी जाईल. ज्याच्या अंगाला कुणी हात लावत नाही असं काहीतरी हवं होतं. त्यांनी वाळवी खोडली आणि लिहिलं : हे पाहुणे आहेत.

साहेबांनी वाक्य वाचलं आणि ते थबकले. मग एकवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी पडद्यावरून नजर काढून मैदानाकडे पाहिलं.

“पाहुणेच,” ते सावकाश म्हणाले. “पण घरच्यांनाच पुरत नसेल, तर पाहुण्यांना काय सांगायचं?”

“चालते व्हा,” मैदान म्हणालं. साहेबांनी ते तीनदा म्हणवून घेतलं.

चार वाजता विभागप्रमुखांचा फोन आला. बाईंना वाटलं, संपलं. प्रमुख खुशीत होते. वाळवी मारायला माणसं कचरतात, पाहुण्याला दार दाखवायला कुणाला काही वाटत नाही, असं म्हणाले, आणि शब्द कुणाला सुचला ते विचारलं. बाईंनी फोन ठेवून दिला आणि तडक लेकीचं घर गाठलं.

दारावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं : पाहुणे. रंग ओला होता. आत लेक पिशव्या भरत होती. जावई ओल्या फडक्याने दार पुसत होता, पण अक्षरं नुसती पसरत होती. बाईंचा पांढराफटक चेहरा पाहून तोच त्यांची समजूत काढायला लागला.

“आई, घाबरू नका. शब्द तरी बरा वापरलाय त्यांनी.”

तो आपण दिलाय हे बाईंना सांगायचं होतं, पण त्यांनी त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि दार पुसायला लागल्या. खाली गाडी येऊन थांबली.