उमेदवाराच्या नावे निरंक

तालुक्याच्या कचेरीतल्या फळ्यावर सगळ्या उमेदवारांची मालमत्ता लागली आणि जानेफळच्या जयमालाबाईंची लाज त्याच दिवशी चव्हाट्यावर आली. काही लपवलेलं सापडलं म्हणून नव्हे, नावावर काहीच सापडलं नाही म्हणून.

जागा बायांसाठी राखीव निघाली, तेव्हा महादेवरावांनी बायकोला जिल्हा परिषदेला उभं केलं. शपथपत्रात दोन रकाने होते. नवऱ्याच्या रकान्यात नऊ एकर वावर, घर, ट्रॅक्टर. उमेदवाराच्या रकान्यात गळ्यातली एक पोत आणि तिथून खाली निरंक, निरंक, निरंक. वकिलानं बोट ठेवलं तिथं बाईंनी न वाचता सही केली होती.

कुणीतरी त्याचा फोटो काढून गावभर फिरवला. बाजारात शेजारी बसणाऱ्या विमलबाईनं विचारलंच, "काय व जयमाला, बावीस वर्सं भाजी इकून राह्यली, अन् तुह्या नावावर काईच नाही?"

बाईंच्या अंगाची लाही झाली. त्या नऊ एकरांतलं नदीकाठचं दीड एकर त्यांच्या मेथी-वांग्याच्या पैशातून घेतलेलं. पण खरेदीचा दिवस नेमका बाजाराचा. "मी कशाले येऊ, तुमीच जा," असं त्याच म्हणाल्या होत्या. त्या इकडे जुड्या बांधत बसल्या आणि नवरोबा तिकडे स्वतःचं नाव लावून आले. एवढी शहाणी बाई, पण त्या दिवशी मती कुठं गहाण पडली होती देव जाणे!

महादेवराव मात्र खूश. "लोकं म्हणतीन गरीब बाई आहे. मतं पडतीन!"

"ते दीड एकर माह्या नावावर करा," बाई म्हणाल्या. "नाहीतर मी फारम मांगं घेते."

माघारीला चार दिवस होते. "करतो ना, मी कुठं नाही म्हणतो?" म्हणत पहिल्या दिवशी महादेवरावांना मुहूर्त मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी स्टॅम्प मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणे रजिस्ट्रीचा सर्व्हर बंद. बाईंनी चौकशी केली, तर त्याच दिवशी गावातल्या दोघांची खरेदी लागलेली. खोटं बोलावं तरी किती, आणि तेही रोज जिच्या हातचं जेवतो तिच्याशी!

चौथ्या दिवशी मुदत तीनपर्यंतच होती. अडीच वाजता बाई माघारीचा अर्ज भरून कचेरीच्या दारात उभ्या राहिल्या. महादेवराव घामाघूम होऊन आले. आता हा माणूस हात जोडील, असं बाईंना वाटलं. पंधरा दिवस त्यानं गाड्या पळवल्या होत्या, जेवणावळी घातल्या होत्या.

"घे मांगं," महादेवराव दबक्या आवाजात म्हणाले. "वावर नाही देत मी. उद्या लोकं म्हणतीन, महादेव बायकोच्या वावरात राबते."

खुर्चीसाठी जीव टाकणारा माणूस खुर्ची सोडायला तयार होता, दीड एकर सोडायला नाही. संतापानं बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आता अर्ज दिला काय आणि न दिला काय, वावर मिळणार नव्हतंच.

"दे ना व लवकर, तीन वाजून राह्यले. रोजची कटकट तरी मिटन," महादेवराव खेकसले.

आता माघारसुद्धा यांच्याच हुकमानं घ्यायची! बाई जागच्या हलल्या नाहीत. तीन वाजले. शिपायानं दार लावून घेतलं.

"पागल झाली काय तू? काऊन नाही देल्ला अर्ज?"

"मले उभं राहाचं हाये," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "घरोघर जाईन मी. अन् फळ्यावर जे लिवलं नाही ना, ते दर घरी सांगीन. नदीकाठचं वावर कोनाच्या पैशाचं हाये, अन् नाव कोनाचं लागलं, ते."

महादेवरावांनी इकडंतिकडं पाहिलं. आवारात माणसं होती. "हळू बोल ना," ते म्हणाले.

"काऊन हळू बोलू?" जयमालाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पहिल्या वाक्यापासून, मोठ्यानं, पुन्हा सुरुवात केली.